वस्तरा कुणाच्या हातचा

लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा वस्तरा कुठून धरायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. नवरा वस्तरे घडवायचा, तेही साधे सरळ पात्याचे नाहीत, तर धारेच्या बाजूला जरा पोट सुटलेले, बाकदार. सरळ पातं गालावर लांबीभर टेकतं आणि हनुवटीखालच्या खळग्यात त्याचं टोक बोचतं. बाकदार पातं एका वेळी जरासंच टेकतं, तिरपं सरकतं; केस खरवडत नाही, कापतं. म्हणून जुने सलूनवाले दुसरं काही हातात धरत नसत. नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणत.

असं पातं घडवणं एक वेळ जमेल, निसण्यावर लावणं महाकठीण. दगडावर सरळ ओढलं की बाक मेलाच. मनगट सैल ठेवून ते टाचेपासून टोकापर्यंत झुलवत न्यावं लागतं. हे ती बघत बघत शिकली. "तुझा हात हलका आहे गं," तो म्हणायचा आणि ती हरखायची. मग तापल्या पात्यांना पाणी पाजून कडक करायचं कामही तिच्याकडे आलं. पुढे त्याच्या हातांना कंप सुटला, तेव्हा हातोडाही तिनंच उचलला. पुढचं दार लावून घ्यायचं आणि मागच्या खोलीत भट्टी पेटवायची. तो स्टुलावर बसून सूचना द्यायचा. हळूहळू सूचना देण्यासारखंही काही उरलं नाही. पात्यावर छाप मात्र त्याच्याच नावाची उठायची.

"गिऱ्हाईक नावावर येतं," तो म्हणे. "बाईनं केलेला वस्तरा गळ्याला कोण लावून घेईल?"

तिला ते पटायचं. घर चालतंय ना, मग नाव कुणाचं का असेना.

अखेर त्यानं अंथरूण धरलं. चौकातले सलूनवाले अण्णा त्याला भेटायला आले. त्यांनी सारा जन्म त्याचेच वस्तरे वापरले होते.

"उस्ताद, खरं सांगू? तुमचे पूर्वीचे वस्तरे चांगलेच होते. पण या सात-आठ वर्षांतल्यांना तोड नाही. दाढी झाली हे गिऱ्हाइकाला कळत नाही. काय जादू केलीत?"

ती चहा घेऊन दारातच थबकली. आता सांगतील, तिला वाटलं. आता लपवून कुणाचं भलं व्हायचंय? नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"वय झालं की हात मुरतो," तो म्हणाला.

"आणि वहिनींची साथ," अण्णा म्हणाले.

"हो तर. वेळेवर चहा कुणी दिला असता?"

दोघंही हसले. सवयीनं तीही हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यासारखी ती त्याची दाढी करायला बसली. फेस लावला, हनुवटी वर केली.

"रागावलीस?"

"बोलू नका. कातडी हलते."

वस्तरा जबड्याच्या कडेनं उतरला, कंठावरून वळला. त्याची नस पात्याखाली उडत होती.

"जाताना माणसाजवळ काहीतरी असू दे की," तो पुटपुटला.

"आणि राहणाऱ्याजवळ?"

त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं दाढी पुरी केली. एक ओरखडाही उठला नाही. उठला असता तर बरं वाटलं असतं, असं मात्र तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला लाज वाटली नाही.

तो गेला. जमलेले लोक म्हणाले, कला त्याच्याबरोबर गेली. तिनं अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही नावाजलेत ते सगळे वस्तरे माझ्या हातचे आहेत."

"वहिनी, दुःखात माणूस काहीही बोलतं," अण्णा मायेनं म्हणाले. तिला ती मायाच जास्त झोंबली.

तिनं पुन्हा भट्टी पेटवली. एक नवा वस्तरा घडवला, बिनछापाचा, आणि सलूनमध्ये नेऊन दिला. अण्णांनी तिच्यासमोरच एका गिऱ्हाइकाची दाढी केली. गिऱ्हाईक गालावरून हात फिरवत खूश होऊन गेलं. अण्णांनी पातं पुसलं.

"बरा आहे हो. सुबक आहे. पण उस्तादांचा हात तो उस्तादांचा."

"तुमच्या फळीवरचा तो छापाचा वस्तरा आणि हा, दोन्ही एकाच कांबीतले आहेत, अण्णा."

"पोलादाचं काय घेऊन बसलात, वहिनी?"

घरी लेकीला सगळं ठाऊक होतं. ती चिडून म्हणाली, "बाबांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. आता तू त्यांच्या नावावर ओढ. छाप मार आणि जुना माल म्हणून विक. दुप्पट भाव येईल."

"जिवंतपणी केली तेवढी चाकरी पुरे झाली," ती म्हणाली.

तिनं ऐरण भंगारात घातली. आता ती पुढच्या दारात बसून शिंप्यांच्या कात्र्या आणि घरोघरचे सुरे लावून देते. अण्णांचा तो छापाचा वस्तरा धार गेली की तिच्याकडेच येतो. "जपून हं, वहिनी," ते दर वेळी बजावतात, "असा पुन्हा मिळायचा नाही."

"नाहीच मिळायचा," ती म्हणते, आणि पातं दगडावर झुलवू लागते.