वळणाअलीकडे संपलेली वाट

"कडेनं जावा, सायेब." निरोप घेताना लोक 'येतो' म्हणतात, 'बरंय' म्हणतात, हा गृहस्थ एवढंच म्हणायचा. मी जीपमध्ये बसलेला असलो तरीसुद्धा.

हातखंब्याच्या अलीकडे महामार्गाला लागून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट करायची होती. मोजणीला मी होतो. हा निवृत्त मैलकुली. असा एखादा तुम्हीही जाता-येता पाहिला असेल. उभा जन्म त्याने रस्त्याचा एकच तुकडा राखला: गटार उपसायचं, खड्डे बुजवायचे, गवत कापायचं. निवृत्तीनंतरही रोज सकाळी फावडं घेऊन हजर. आमचे मजूर चिडवत, "बाबा, आता घरी बसून पेन्शन खावा की!"

"घरी कोन हाय?" तो म्हणे, आणि फावडं पुन्हा चालू.

त्याची बायको पुढच्या वळणावर गेली होती. हातात बाजाराची पिशवी आणि मागून ट्रक. "तिची चूक नव्हती वो," तो एकदाच बोलला, "कडंला पाय ठेवायला जागाच नव्हती." आमची वाट ते वळण ओलांडून जाणार हे कळल्यापासून तो रोज नकाशा बघायला मागायचा. वाचता येत नसे. मी वळणावर बोट ठेवलं की मान हलवायचा.

वाट कुठे संपवायची ते कागदावर किलोमीटरच्या दगडावरून दिलेलं होतं. फणसाखाली दगड दिसला, मी तिथे खुंटी ठोकली. काँक्रीट पडलं, माणसं दुसऱ्या कामावर गेली, आणि हा धापा टाकत आला. "सायेब, वळण ऱ्हायलं की!"

झालं होतं असं. जेसीबी आला तेव्हा दगड फुटेल म्हणून यानेच तो वळणापलीकडून पहारीने काढून अलीकडे फणसाखाली आणला होता. दर दिवाळीला त्या दगडाला चुना लावणारा माणूस. त्याला राहवलं नाही. सांगितलं मात्र कुणालाच नाही. मीही अतिशहाणा, रोज नकाशात वळणावर बोट ठेवूनही पुढचा-मागचा दगड ताडून पाहिला नाही. वरिष्ठांपुढे मी "दगड हलवला होता" म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं. त्याची अजून लाज वाटते.

काम पूर्ण दाखवून झालं होतं. उरलेल्या तुकड्याला नवी मंजुरी लागेल, असं वरून उत्तर आलं. तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी काँक्रीटच्या टोकापासून पुढे जांभ्याचे तुकडे लावून माती चोपायला बसला. "तुमचा कागद येईस्तवर व्हईल एवढं." पावसाने माती वाहून जाई, तो पुन्हा भरी.

यंदा गेलो तर दाराला कुलूप. शिमग्यानंतर झोपेतच गेला, शेजारीण म्हणाली. दोन दिवसांनी कळलं. त्याच्या मातीच्या वाटेवर कमरेएवढं गवत होतं. मंजुरी आलेली नव्हती.

काँक्रीट संपतं तिथे शाळेच्या तीन मुली सायकलींवरून उतरून थांबल्या होत्या, ट्रकांची रांग सरायची वाट बघत. मी रस्त्यात उतरून हात आडवा केला. ट्रकवाल्याने शिवी हासडली. मुली सायकली ढकलत पळत वळणापलीकडे गेल्या. संध्याकाळी त्या याच वळणावरून परत यायच्या होत्या, आणि तेव्हा मी तिथे नसणार होतो.