मानी गाडीवरून उतरली नाही

मानीवोन निवृत्त झाली आणि घरापुढे टांगलेल्या झोळीत जाऊन पडली. पहिला आठवडा आम्ही म्हटलं, पडू दे, दमली असेल. महिना झाला तरी ती तिथेच. तिची सून मला फोनवर म्हणाली, "सूक मावशी, आई जेवायलासुद्धा तीन हाका मारल्याशिवाय उठत नाहीत. आजारी म्हणावं तर ताप नाही, काही नाही."

मी ते फेंगला सांगितलं. फेंग म्हणाली, "अशीच पडून राहिली तर मुळं फुटतील तिला. धबधबे बघायला नेऊ या."

आम्ही तिघी एकाच वर्षी नर्सिंग शिकलो. फेंगनं तीन वर्षांत नोकरी सोडून खाली पाक्से शहरात शेवयांच्या सुपाचं दुकान टाकलं. मी लग्न करून वर पाक्सोंगला कॉफीच्या मळ्यात आले. नर्स राहिली ती एकटी मानी. बाविसाव्या वर्षी ती पठारावरच्या एका छोट्या दवाखान्यात रुजू झाली, तीन खाटांच्या, आणि पंचावन्नाव्या वर्षी तिथूनच बाहेर पडली. सुरुवातीला हिवताप आणि बाळंतपणं. लशींचा डबा मागे बांधून ती मोटरसायकलवरून पाड्यापाड्यांवर जायची. चिखलात गाडी रुतली की डबा डोक्यावर घेऊन चालायची. पुढे रस्ते बरे झाले, आणि परदेशी पोरं येऊ लागली.

ती येतात धबधब्यांसाठी. पाक्सेत मोटरसायकल भाड्यानं घ्यायची, मित्रमैत्रिणींनी मिळून पठाराला वळसा घालायचा, वाटेत दिसेल त्या धबधब्यापाशी थांबायचं. त्यातल्या निम्म्यांनी गाडी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतलेली असते. ती मानीकडे यायची. उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा चटका, फुटलेला गुडघा, कोपरात घुसलेली खडी. मानी चिमट्यानं खडी काढत असायची आणि ती पोरं दुखणं विसरायला तिला फोनवर फोटो दाखवायची. पठारावरचे सगळे धबधबे तिनं पाहिले ते असे, तडा गेलेल्या काचेतून. स्वतः एकाही धबधब्यापाशी कधी गेली नाही. सुट्टीच्या दिवशी झोपायची.

एकदा अपघात झालेला असाच एक परदेशी मुलगा आणला होता, त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. पाक्सेहून रुग्णवाहिका येईपर्यंत चार तास मानी त्याचा हात धरून बसली. त्याचे तिघे मित्र भिंतीला टेकून उभे होते. ती येण्याआधीच तो गेला. त्यावर ती आमच्याशी एवढंच बोलली, की त्याच्या बुटांची नाडी ओली होती, सुटता सुटेना.

तर नोव्हेंबरात, पाऊस संपून पाणी भरून वाहत असताना, आम्ही पाक्सेत जमलो. मानीला आणायला फेंगचा जावई गेला होता, नाहीतर ती आलीच नसती. गाड्या भाड्यानं देणारा माणूस आमच्याकडे बघून हसला.

"मावशी, कुणासाठी हव्यात?"

"आमच्यासाठी," फेंग म्हणाली.

"चालवता येते ना?"

फेंगनं मानीकडे बोट केलं. "हिनं जेवढी गाडी चालवलीय ना, तेवढा तू रांगलासुद्धा नाहीस."

पण मानी म्हणाली, "मी मागे बसणार." आम्हाला वाटलं थट्टा करतेय. ती शांतपणे फेंगच्या मागे जाऊन बसली, नेसलेलं लुंगीसारखं सिन नीट गुडघ्यांखाली घेतलं, आणि मला म्हणाली, "सूक, तू पुढे हो. हिचं चालवणं मला माहीत नाही, आदळली तर तुझ्यावर तरी आदळेल."

पहिल्या दिवशी आम्ही ताद लो धबधब्यापाशी मुक्काम केला. पाणी रुंद आहे तिथे, फार उंच नाही. फेंग कंबरेइतक्या पाण्यात उतरली. मानी काठावर बसून होती. कसं वाटतंय, मी विचारलं. "आवाज मोठा आहे," ती म्हणाली, आणि आठ वाजता झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी थातेंग गावावरून पाक्सोंगच्या रस्त्याला लागलो. कॉफीची तोडणी सुरू होती, रस्त्याकडेला ताडपत्र्यांवर लाल फळं वाळत पडली होती. एका उतारावर वळण घेतलं, तर पुढे तीन परदेशी मुली. एक गाडी आडवी. एक मुलगी रस्त्याच्या कडेला बसलेली, हनुवटीतून रक्त गळतंय, गुडघ्याचं कातडं गेलेलं. दुसरी रडत होती, तिसरी उगाच गाडी उचलायला बघत होती.

मी थांबले. फेंग थांबली, स्टँड लावला, उतरली. मानी बसूनच राहिली.

"मानी, उतर ना."

"नाही."

फेंगला वाटलं, हिला नीट दिसलं नसावं. "अगं, मुलीची हनुवटी फाटलीय."

"दिसतंय मला. तू कर."

"मी? मला सोडून तीस वर्षं झाली. मी कांदे चिरते आता."

मानीनं तोंड कॉफीच्या झाडांकडे फिरवलं.

तिथे भांडायला वेळ नव्हता. माझ्याकडे पिण्याचं पाणी होतं, ते मी ओतत राहिले. फेंगनं हात धुतले, गुडघ्यातली माती काढली, आपला धुतलेला सुती रुमाल घडी करून हनुवटीखाली दाबून धरला आणि दुसऱ्या रुमालानं डोक्यावरून बांधला. ती मुलगी फेंगचं मनगट घट्ट पकडून होती. मी दोनदा मागे वळून पाहिलं. मानी गाडीवर तशीच, दोन्ही हात मांडीवर.

कॉफीची पोती नेणारा एक ट्रक आला. त्याला थांबवून जखमी मुलीला आणि रडणारीला वर चढवलं. पुढचा दवाखाना म्हणजे मानीचाच, सहा-सात किलोमीटरवर. तिसरी हळूहळू आपली गाडी घेऊन मागोमाग गेली.

ट्रक दिसेनासा झाल्यावर फेंग मानीसमोर उभी राहिली. "दगड झालीस तू."

"हो," मानी म्हणाली.

"एवढंच? हो?"

"मग काय म्हणू? चल, ऊन चढतंय."

फेंगनं गाडीला अशी किक मारली की मला वाटलं पेडल तुटणार. दवाखाना आला तेव्हा दारात तिसऱ्या मुलीची गाडी लावलेली दिसली. नवीन नर्स, पंचविशीतली पोर, दारात येऊन ट्रकवाल्याशी काहीतरी बोलत होती. तिनं मानीला ओळखलं असावं, हात वर केला. मी मागे होते, म्हणून मला ऐकू आलं नाही. फेंगनं नंतर सांगितलं, मानी तिच्या कानात म्हणाली होती, "वेग कमी करू नकोस."

मग आम्ही ताद युआंग धबधब्यापाशी पोचलो. तिथे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. मानी वरच्याच ओट्यावर बसली. गुडघे दुखतात म्हणाली. आम्हीही नाही उतरलो. पाणी दोन धारांनी खाली कोसळत होतं आणि तुषार वर आमच्या अंगावर येत होते. मी चिकट भाताची टोपली उघडली, भाजलेली कोंबडी काढली. फेंग खाईना.

"मी घाबरले होते," ती शेवटी म्हणाली. "चुकलं असतं तर? तू दहा पावलांवर होतीस, मानी."

मानी भाताचा गोळा बोटांत वळत राहिली.

"ती पडलेली दिसली ना," ती म्हणाली, "तेव्हा मला तिची दया नाही आली. मला फक्त वाटलं, आता परत हात धुवावे लागणार. एवढंच वाटलं. असं वाटणाऱ्या बाईनं त्या मुलीला हात लावू नये."

फेंगनं भाताच्या टोपलीवर झाकण ठेवलं.

"हे आजचं नाहीये. शेवटची चार-पाच वर्षं असंच होतं. मी करत होते सगळं, नीट करत होते. कुणाला कळलं नाही. खाली मान घालून टाके घालायचे आणि मनात म्हणायचं, कशाला येता रे, घरी नाही का पाणी तुमच्या." तिनं भाताचा गोळा पानावर ठेवला. "तो मुलगा गेला ना, त्याचे मित्र, भिंतीपाशी उभे होते ते. मी आज गाडीवर तशीच बसून राहिले ना, तेव्हा मला त्यांची आठवण झाली. तेही असेच हात खाली सोडून उभे होते. मी त्यांना मनात शिव्या दिल्या होत्या."

"तुझं वेगळं आहे," मी म्हणाले.

"वेगळं नाहीये, सूक. दमलं की माणूस तसाच उभा राहतो."

फेंगनं कोंबडीचा एक तुकडा तोडला आणि मानीच्या पानावर ठेवला. मग विचारलं, "टाके पडायला हवे होते का तिला?"

"दोन. त्या नव्या पोरीला येतात. तू दाबून धरलंस ते बरोबर केलंस."

जेवण झाल्यावर मानी ओट्याच्या खांबाला टेकली आणि बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं, केसांवर तुषारांचे बारीक थेंब. पर्यटकांची एक टोळी हसतखिदळत आली, पायऱ्या उतरून गेली, वर आली, निघून गेली. ती जागी झाली नाही. ताद फानचा धबधबा दोनच किलोमीटरवर होता, तो राहिला. गाड्या संध्याकाळपर्यंत परत द्यायच्या होत्या, तरी फेंग म्हणाली, "झोपू दे तिला."

पाक्सेत परतल्यावर मानी घरी गेली नाही. फेंगच्या माडीवर अकरा दिवस राहिली, त्यातले पाच-सहा तर निव्वळ झोपली. नंतर खाली येऊन पालेभाजी निवडून द्यायची. मग एके दिवशी बस धरून आपल्या घरी गेली.

जानेवारीत लसीकरणाच्या आठवड्यात दवाखान्यातून तिला बोलावणं आलं, माणसं कमी आहेत म्हणून. तिनं नाही म्हणून सांगितलं. गावात लोक बोलले. इतकी वर्षं देवमाणूस होती, निवृत्त होताच पाठ फिरवली म्हणाले. माझ्याकडे कॉफी तोडायला येणाऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या. मी त्यांना उतारावरची गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर त्यांनी फक्त तिचं न उतरणं लक्षात ठेवलं असतं.

आता ती सकाळी उठते, सुनेच्या आधी. अंगणात वेल लावलेत. नवी नर्स कधीमधी येऊन काही विचारते, तेव्हा उत्तर देते, पण दवाखान्याच्या रस्त्यानं जात नाही. बाजारालासुद्धा लांबच्या वाटेनं जाते.