चाचणी बुद्रुकची दुसरी आवृत्ती

अमरावतीत एका शिकवणीवर्गाच्या वरच्या खोलीत आम्ही दोघं सॉफ्टवेअर लिहायचो. माझा भागीदार अकोल्याच्या शिलाईकाम करणाऱ्या घरातला. कापड वाया जाऊ न देण्याची घरची सवय त्यानं कामातही आणली होती. "एकदाच शिवायचं, सगळ्यायले झालं पायजे," म्हणायचा.

कपाशीची सलग काही वर्षं वाईट गेली. पीकनुकसानीचे कागदी अर्ज संगणकावर चढवायची टूम निघाली. प्रत्येक कार्यालयाचं वेबपान वेगळं, पण तालुका-गाव निवडायची चौकट सगळ्यांना लागायची. तेवढाच भाग आम्ही सुटा बनवला, एका फाइलीत बांधला, सीडीवर घातला. ज्यानं त्यानं आपल्या पानात जोडावा आणि नवी आवृत्ती आली की जुनीवर चढवावी.

तीन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, तपासणीसाठी गावांच्या यादीत सगळ्यात वर घातलेलं 'चाचणी बुद्रुक' हे खोटं नाव काढायचंच राहिलं होतं. ते काढून मी दुसरी आवृत्ती बांधली आणि आम्ही अकोल्याच्या एका कार्यालयात गेलो. ती चढवताच तिथल्या लिपिक बाई ओरडल्या, "गाव कुठं गेलं?"

"ते गाव नव्हतंच, मॅडम."

"नव्हतं कसं? एकसष्ट अर्ज हायेत तिथले!"

अर्ज चढवणाऱ्यांनी घाईत पहिलंच नाव तसंच राहू दिलं होतं. पाहणीला जीपही जाऊन आली होती. अहवालात लिहिलं होतं, 'रस्ता खराब असल्याने गावात पोहोचता आले नाही.'

मला हसू फुटलं. भागीदारानं माझा हात दाबला. "हस मत यार. लोकं पाहणीची वाट पाहून राहिले." माझं तोंड उतरलं.

आम्ही साहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "गाव रद्द करायचा अधिकार मले नाही. तुमाले तर नाहीच नाही."

मग मूळ कागद काढून आम्ही तिघं दोन दिवस बसलो. बाई खरं गाव वाचायच्या, आम्ही बदलायचो. पुढच्या आठवड्यात सगळीकडे पाहणी झाली. चाचणी बुद्रुक मात्र यादीत परत घालावं लागलं. फिकट अक्षरांत, कुणाला निवडता येणार नाही असं. तिसऱ्या आवृत्तीत ते काढू का, म्हणून मी रीतसर पत्र दिलं.

उत्तर आलं: 'सदर गावच्या ग्रामपंचायतीचा ठराव सोबत जोडावा.'