गाळ काढणाऱ्याची विहीर

वॉचमनने माझा हंडा पायाने सरकवला. हाताने न्हाय, पायाने. हंडा फरशीवरून घरंगळत गटाराशी जाऊन थांबला.

“मॅडम लोग को अच्छा नहीं लगता. टँकर मंगवाओ.”

वर बाल्कनीत एक बाई उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पडदा ओढला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीर आमची. डोंगरी गावातल्या आमच्या आळीची. पाऊस लागायच्या आधी घरटी एक माणूस आत उतरायचा, गाळ काढायचा. ज्यानं गाळ काढला, त्याचं पाणी. एवढाच आमचा कायदा. कुणाचं पाणी कधी तुटलं न्हाय.

मग शेजारचं शेत विकलं गेलं, बिल्डिंगी आल्या. बिल्डर गोड बोलला, “मशीन लावतो, तुम्ही कशाला चिखलात उतरता?” आम्ही हरखलो. मीपण हरखले, खोटं कशाला बोलू? पुढच्या वर्षीही त्याचंच मशीन. तिसऱ्या वर्षी त्यानं विहिरीवर जाळी बसवली, कुलूप लावलं, भोवती फरशी केली, आत मोटार सोडली. पाणी त्यांच्या बागेला. आम्ही भांडायला गेलो तर हसला. “गाळ कोणी काढला? तुमचाच नियम ना?”

आम्ही तसेच माघारी फिरलो.

घरात सासू अंथरुणाला खिळलेली. पाठीला जखमा. नळ एक दिवसाआड, धार करंगळीएवढी. त्या दिवशी तिला पुसायलासुद्धा पाणी नव्हतं. वास तिचा तिलाच सहन होईना. “मला लांब कुठं तरी नेऊन ठेव गो,” म्हणाली. माझी दोन्ही बाळंतपणं हिनं याच विहिरीच्या पाण्यावर काढली होती. म्हणून हंडा घेऊन गेले होते मी, हात जोडायला.

हंडा उचलला. पोचा आला होता. रडू फुटलं, आणि रडता रडता डोकं सणकलं. आपल्याच विहिरीवर मी हात कसले जोडतेय? बिल्डर चोर हायच. पण दार आम्हीच उघडून दिलं. उतरायचं आम्हीच सोडलं.

त्या विहिरीत आजवर बाई उतरलेली न्हाय. यंदा मी उतरणार. आळीत घरोघर सांगून आले. चार घरांनी तोंडावर दारं लावली. नवरा म्हणतो, “पोलीस नेतील.” नेऊ देत. घण घेतलाय कुलपाला. दोर कमरेला बांधीन. दुसरं टोक धरायला कुणी आलं न्हाय तर जाळीच्या गजाला बांधीन. आणि गाळाची पहिली पाटी त्यांच्या त्या फरशीवरच ओतणार हाय मी.