कुंताबाईचा बिनपिठाचा केक

कारध्याच्या पुलाजवळ कुंताबाई भुरेची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, चार बाकं, आणि भिंतीवर पदार्थांची नावं रंगवलेली. त्यांतले निम्मे पदार्थ कुंताबाईने कधी पाहिलेलेही नाहीत. "अमुक येते का?" असं विचारलं की तिच्या तोंडून "येते ना!" हेच निघतं. पुलाच्या कामावरच्या एका पंजाबी ट्रकवाल्याला तिने अशा तऱ्हेने राजमा करून घातला होता. तो राजमा बरबटीचा, म्हणजे चवळीचा होता. ट्रकवाला दुसऱ्या दिवसापासून वरण-भात मागू लागला.

या खानावळीत वर्षभरापूर्वी रूबेन झिराडकर जेवायला येऊ लागले. पाणीपुरवठ्याच्या कामावर बदलून आलेले इंजिनियर. मूळ अलिबागकडचे, घर ठाण्याला. माणूस मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या कितीतरी पिढ्या कोकणात तेल गाळण्यात गेल्या आणि घरात बोली मराठीच. पण गावाला हे पटवणार कोण? सरपंच आनंदराव पहिल्याच भेटीत त्यांना म्हणाले, "वेलकम सर. आपको इंडिया कैसा लगा?"

"मी अलिबागचा आहे हो," रूबेन म्हणाले.

"अच्छा अच्छा, व्हाया अलिबाग," सरपंच म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच सांगितलं, "मराठी बी शिकून आला, पाह्य. लय हुशार लोक रायतेत हे."

आनंदरावांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. इस्रायल म्हणजे ठिबक सिंचन, आणि ठिबक सिंचन म्हणजे अभ्यासदौरा. या माणसाला सांभाळलं तर आपण विमानात बसणार. रूबेन यांनी आपण स्वतः एकदाही इस्रायल पाहिलेलं नाही असं तीनदा सांगितलं. सरपंचांना तो नम्रपणा वाटला.

चैत्र आला. पाण्याची टंचाई सुरू झाली आणि रूबेन यांची रजा नामंजूर झाली. पेसाह हा त्यांचा मोठा सण नेमका तेव्हाच होता. त्यांचे पूर्वज मिसर देशाच्या गुलामीतून घाईघाईने निघाले, कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही, त्याची आठवण म्हणून आठ दिवस घरात खमिराचं काही ठेवत नाहीत. साहेब जाऊ शकत नाहीत म्हणून त्यांची बायको शुलामित ठाण्याहून आली. सोबत नवी भांडी, बिनखमिराच्या भाकरींचं खोकं आणि नणंदेने फोनवर सांगितलेली एक कृती. सणाच्या जेवणानंतर खायला संत्र्याचा केक हवा होता. तो येतो का, असं तिने खानावळीत विचारलं.

"येते ना!" कुंताबाई म्हणाली.

"अहो, पण यात पीठ घालायचं नाही," शुलामित म्हणाली. "मैदा नाही, कणीक नाही. पीठ ओलं राहिलं की खमीर चढतं."

"नाई घालत."

"दूधही नाही. जेवणात मटण आहे, आणि मटणाबरोबर आम्हाला दूध चालत नाही."

"बरं. मंग खवा?"

"खवा दुधाचाच ना, कुंताबाई."

"हो, ते बी खरंच. मंग तूप टाकीन."

शुलामितने कपाळाला हात लावला. मग तिने सावकाश सगळं सांगितलं. संत्री सालीसकट उकडायची, पाणी बदलायचं, बिया काढायच्या, वाटायची, बदामाची पूड, साखर, अंडी. कुंताबाई मान हलवत होती, पण तिची मुलगी रीना मागून खुणा करून सांगत होती की आईच्या डोक्यात काही शिरत नाहीये. रीना भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकते आणि आईला ओळखून आहे.

पहिला केक नमुन्यादाखल दुपारी आला. छान फुगलेला, पिवळाधमक. शुलामितने तुकडा मोडला आणि थांबली.

"कुंताबाई, पीठ नको म्हटलं होतं ना?"

"पीठ कुठं घातलं? रवा घातला."

रवा गव्हाचाच असतो हे कुंताबाईला ठाऊक होतं. पण रवा म्हणजे पीठ नव्हे, हे तिचं ठाम मत होतं. तो केक खानावळीतल्या गिऱ्हाइकांनी खाल्ला आणि वाखाणला.

मग शुलामित म्हणाली की आता आपण दोघी मिळून करू. मागच्या अंगणात नव्या विटांची चूल मांडू, ती मी पेटवीन, आणि भांडी मी आणलेलीच वापरू. एवढं ऐकलं आणि कुंताबाईचा चेहरा उतरला.

"माह्या भांड्यायले का झालं जी?"

"काही झालं नाही. आमचा नेम आहे. वर्षभर पीठ शिजलेली भांडी या आठ दिवसांत चालत नाहीत."

"असंच सांगतो आम्ही बी," कुंताबाई म्हणाली. "राग नोको मानू, घरचा नेम हाय."

खानावळीच्या मागच्या खिळ्यांवर वेगळ्या कानाचे काही पेले टांगलेले असत. गावच्या ठराविक वस्तीतली माणसं चहाला आली की त्यांना त्यांतच चहा मिळे. कोणी कधी विचारलंच तर ती हेच घरच्या नेमाचं वाक्य सांगे. कुंताबाई त्या खिळ्यांकडे पाहत राहिली. स्वतः बोललेलं वाक्य असं कधी उलटून आपल्या अंगणात येईल असं तिला वाटलं नव्हतं.

शुलामितला पेल्यांचं काहीच माहीत नव्हतं. तिने कुंताबाईचा हात धरून तिला साहेबांच्या क्वार्टरवर नेलं आणि स्वयंपाकघरातलं कपाट दाखवलं. दारावर चिकटपट्टी लावलेली, आत रोजचा कुकर, तवा, कढई.

"ही माझीच भांडी. मीसुद्धा हात लावत नाही."

"सोताच्याच भांड्यायले?"

"स्वतःच्याच."

"अन् सायबाच्या?"

"त्यांच्याही."

कुंताबाईला फार बरं वाटलं. जो नेम मालकिणीला आणि नवऱ्याला सारखाच लागू होतो, तो तिने आजवर पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी तिने खिळ्यांवरचे पेले काढून बाकीच्यांत मिसळले. गिऱ्हाइकांनी भुवया उंचावल्या तेव्हा ती म्हणाली, "दोन जागी घासायले मले कंबर नाई." वेगळे पेले मागणाऱ्या एका मानकऱ्याला तिने पुलापलीकडची टपरी दाखवली.

दुसरा केक मिळून केला. निखारे जास्त झाले आणि तळ कोळसा झाला. वरून संत्र्याचा कडूपणा असा की रीना म्हणाली, "हे दवाखान्यात देऊन या." तिसऱ्या वेळी संत्री पुन्हा पाणी बदलून उकडली, साली मऊ लोण्यासारख्या झाल्या, पातेल्यावर झाकण ठेवून त्यावर मोजकेच निखारे पसरले. वास सुटला तेव्हा शेजारचं पोरगंही भिंतीवरून डोकावलं. केक बसका होता, पण ओलसर, सोनेरी, आणि शेवटी किंचित कडवट. कुंताबाईने चाखून पाहिला.

"कडू हाय थोडासा."

"थोडा असायलाच हवा," शुलामित म्हणाली. "गुलामीची आठवण."

"मंग दुसरा बी चालला असता," रीना म्हणाली.

पौर्णिमेला सण आला. त्याच दिवशी हनुमान जयंती, त्यामुळे गावभर भोंगे. पुलाजवळ सरपंचांनी फलक लावला होता, "इस्रायल देशाचे थोर शास्त्रज्ञ यांचे कारधा नगरीत हार्दिक स्वागत." त्यावर आनंदरावांचा फोटो दाराएवढा होता आणि रूबेन यांचा तिकिटाएवढा. आनंदरावांनाही जेवणाचं आमंत्रण होतं, पण महाप्रसाद आटोपून येतो असा त्यांचा निरोप आला.

रात्री साहेबांच्या क्वार्टरवर कुंताबाई आणि रीनाही जेवायला आल्या. रूबेन यांच्या सणाच्या पोथीत मराठीतूनच लिहिलं होतं, की जो भुकेला असेल त्याने यावं आणि आमच्याबरोबर जेवावं. जमलेल्यांतल्या सर्वांत लहानाने प्रश्न विचारायचे असतात, म्हणून ते काम रीनाकडे आलं. तिने पोथीतलं वाक्य वाचलं नाही. आपल्याच बोलीत विचारलं, "आजचीच रात काहून वेगळी हाय?" रूबेन हसले आणि मिसरमधली सगळी गोष्ट त्यांनी सांगितली. विटा थापणारे मजूर, त्यांच्यावरचा मुकादम, रातोरात निघालेली बिऱ्हाडं. कुंताबाई मन लावून ऐकत होती. "मुकादम तिकडं बी असाच," एवढंच ती म्हणाली.

जेवण झालं, केक झाला. मग रूबेन म्हणाले की आता दार उघडायचं. एलियाहू नबी हे त्यांचे प्रेषित या रात्री घरोघर येतात अशी श्रद्धा, त्यांच्यासाठी मनुकांच्या सरबताचा एक प्याला भरून ठेवलेला असतो. सगळे उभे राहिले. शुलामितने दार उघडलं.

दारात आनंदराव उभे होते. कपाळावर शेंदूर, हातात हार, मागे दोन फोटोवाले.

"माफ करा, उशीर झाला," म्हणत ते आत आले, टेबलावरचा भरलेला प्याला आपल्यासाठीच ठेवला असेल असं समजून त्यांनी तो उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग तोंड वाकडं केलं. "मनुकाचं हाय का हे?"

रूबेन यांनी कसंबसं हसू आवरलं. शेवटी ते म्हणाले, "आमच्या घरी इतकी वर्षं हा प्याला भरतोय. रिकामा झालेला आज पहिल्यांदाच पाहिला." आनंदरावांना तो सन्मान वाटला. त्यांनी हार घातला, फोटो निघाले, आणि मग ते केकच्या उरलेल्या तुकड्यांकडे वळले. दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि हात थांबला.

"आज हनुमान जयंती हाय, कुंताबाई. यात का का हाय?"

"मैदा नाई," कुंताबाई म्हणाली. "रवा नाई. दूध नाई, खवा नाई, तूप नाई."

"वा! म्हंजे उपासाले चालते!"

शुलामितला ठसका लागला. कुंताबाईने तिला पाणी दिलं आणि स्वतः भांडी उचलायला लागली.

तिसऱ्या दिवशी बातमी आली. सरपंचांच्या प्रयत्नातून इस्रायली तंत्रज्ञानाने संत्र्यापासून उपवासाचा पदार्थ. फोटोत आनंदराव केक खात होते आणि कडेला ताट धरलेला एक हात दिसत होता. रीना चिडली. "आई, तुझं नावच नाई!" कुंताबाई म्हणाली, "बरं झालं. अख्ख्या तालुक्याच्या बाया इथं येऊन बसल्या असत्या शिकाले."

पण बायांना कृती हवीच होती, आणि ती आनंदरावांनी ऐकीव माहितीवर ग्रामसभेत सांगितली. संत्री उकडायची, वाटायची, बदाम, साखर, झालं. अंड्यांचं त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या चतुर्थीला गावातल्या कितीतरी घरांत संत्र्याचा गोड, चिकट चिखल तयार झाला. शकुंतलाबाई उपासतापास करणारी, ती आपलं पातेलं घेऊन थेट खानावळीत आली.

"कुंता, हे काहून बसत नाई वो? दोनदा केलं, नुसतं पाणी. यात का टाकाचं राहिलं?"

कुंताबाईने पातेल्यात चमचा फिरवला, शकुंतलाबाईच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं, आणि चमचा खाली ठेवला.

"सरपंचाले विचार," ती म्हणाली. "मले नाई येत ते."