सहा महिन्यांची अट

मी जपानी भाषेची दुभाषी आहे. पूर्वी या कामासाठी मी पाहुण्यांबरोबर हेल्मेट घालून कारखान्यांतून फिरायचे. आता बहुतेक बैठका लॅपटॉपवर होतात, आणि मी वारज्यातल्या माझ्या घरी बेडरूमचं दार लावून बसते. साडेनऊला वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू होतो, तेवढं सोडलं तर जागा चांगली आहे.

दोनेक वर्षांपूर्वी एका कारखानदारांनी मला काम दिलं. वय साठीचं, खडकीला छोटी शेड, आठ कामगार. तांदळाच्या दाण्याएवढ्या स्प्रिंगा ते बनवत. जपानमधल्या एका कंपनीला त्या आपल्या उपकरणांसाठी हव्या होत्या. पहिल्याच फोनवर ते म्हणाले, "इंग्रजी येतं मला. पण इंग्रजीत भांडता येत नाही. म्हणून तुम्ही."

तिकडून कंपनीचे खरेदीप्रमुख असायचे. अतिशय सावकाश बोलणारे गृहस्थ. पहिल्या बैठकीत आमच्या मालकांच्या एका मागणीवर ते म्हणाले, "ते जरा अवघड आहे." मी तसंच सांगितलं. मालकांना वाटलं, जरा अवघड म्हणजे थोडा जोर लावला की होईल. ते वीस मिनिटं जोर लावत राहिले.

नंतर मी त्यांना फोन केला. "अहो, त्यांच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो. आणि ते गप्प झाले की विचार करत असतात. तेव्हा आपण मधे बोलायचं नाही."

"गप्प बसायचं?" ते म्हणाले. "पुण्यात हे शिकवायची फी वेगळी घेता का?"

तरी त्यांनी ऐकलं. दुसरी बैठक सुरळीत झाली. तिसरीत मात्र सगळं अडलं ते एका अटीवर. स्प्रिंगची तार दुसरीकडून घ्यायची असेल, तर सहा महिने आधी कळवायचं आणि परवानगी मिळेपर्यंत थांबायचं, असं खरेदीप्रमुखांचं म्हणणं होतं. मी ते मराठीत सांगितलं आणि मालक भडकले.

"तार मिळेनाशी झाली तर सहा महिने काय मशीनला हळदीकुंकू लावत बसू? एवढा भरवसा नसेल तर तिकडेच करून घ्या म्हणावं. आमच्याकडे कशाला आलात?"

तीन बैठकांची मेहनत डोळ्यांसमोर होती. मी जपानीत एवढंच म्हटलं, "सहा महिने थांबणं त्यांना कठीण जाईल."

खरेदीप्रमुख क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते बरंच बोलले. तुम्ही थोडंच सांगितलंत. मला सगळं ऐकायचं आहे."

मला इतकी लाज वाटली की स्क्रीनवरचा माझाच चेहरा मला बघवेना. इतक्या वर्षांच्या कामात असं कोणी पकडलं नव्हतं. मी त्यांची माफी मागितली. मालकांनाही मराठीत सांगितलं, की मी तुमचं बोलणं गाळलं होतं, आता पूर्ण सांगते. मग हळदीकुंकवाचा अर्थ समजावून सगळं जसंच्या तसं सांगितलं.

खरेदीप्रमुख गप्प झाले. खूप वेळ. मालकांनी बोलायला तोंड उघडलं, मग कपातला गार झालेला चहा उचलून तोंडाला लावला.

"आम्ही इथेच करून घेत होतो," खरेदीप्रमुख अखेर म्हणाले. "बनवणारे कारागीर आता ऐंशीचे झाले. हात थरथरतो. मागे कोणी नाही. एकदा त्यांनी नाइलाजाने तार बदलली, आम्हाला कळवलं नाही, आणि सगळा माल परत आला. ते त्यांना अजून लागून राहिलंय. अट त्यांनीच सुचवली."

या वेळी मी एक शब्दही गाळला नाही. मालकांनी कप खाली ठेवला.

"त्यांना विचारा," ते मला म्हणाले, आवाज एकदम उतरलेला, "ते आजोबा भेटतील का आपल्याला? इथंच, स्क्रीनवर."

पुढच्या आठवड्यात आजोबा आले. कारखान्याचा निळा सदरा घालून, कॅमेऱ्याच्या फार जवळ बसलेले. पाऊण तास दोघं तारेबद्दल बोलत होते. ती कशी तापवायची, थंडीत वळताना कशी दगा देते, चांगली तार नुसत्या बोटांना कशी कळते. मी आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द पुरेनात. शेवटी दोघंही कॅमेऱ्यासमोर तारेचे तुकडे धरून दाखवायला लागले आणि माझं काम हलकं झालं. खरेदीप्रमुख कोपऱ्यातल्या चौकटीतून बघत होते.

मालकांनीच तोडगा सुचवला. चार महिने पुरेल एवढी तार शेडमध्ये कायम ठेवतो, कळवण्याची मुदत तीन महिन्यांवर आणा. खरेदीप्रमुखांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मान हलवली.

करार झाला. छोटाच, एका वर्षाचा. पुढे तो वाढवला गेला, असं मला नंतर कळलं. आता कुठलंही नवं काम घेताना मी बैठकीच्या आधी दोन्हीकडच्यांना सांगून ठेवते, की तुम्ही जे बोलाल ते सगळं पलीकडे जाईल. काहीजण त्यानंतर जरा जपून बोलतात. मालकांनी मात्र त्या शेवटच्या बैठकीनंतर फोन करून विचारलं होतं, "हळदीकुंकू जपानीत कसं सांगितलंत हो?"

मी सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, आणि उच्चार बरा जमला का, म्हणून विचारलं.