शनिवारचे मास्तर

कपडे शिवणाराही मास्तर आणि शाळेत शिकवणाराही मास्तर, हा आपल्या भाषेचा गोंधळ. कुणी आजवर तो निस्तरला नाही, कारण कुणाचं काही अडलं नाही. आमच्या मास्तरांचं मात्र अडलं, आणि चांगलंच अडलं.

मास्तरांचं दुकान चौकाच्या तोंडाशी. दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं, एवढंच. चाळीस वर्षं त्यांनी तिथे पँटी आखूड केल्या, कोटांची अस्तरं बदलली, आणि लग्न ठरल्यावर अंगाने सुटलेल्या नवरदेवांच्या शिवणी उसवून त्यांची अब्रू राखली. बोलणं कमी, कारण ओठांत कायम टाचण्या. शिक्षण चौथी, आणि तीही दोन दमांत.

पलीकडच्या गल्लीत मुलांचं केंद्र निघालं. शाळेत मागे पडलेल्या मुलांना दर शनिवारी दोन तास एक मोठं माणूस मिळवून द्यायचं, तेही फुकट, अशी तिथली पद्धत. संचालिकाबाई नव्या होत्या. त्यांनी चौकात विचारलं, "इथे कुणी चांगले मास्तर आहेत का?" सगळ्या चौकाने एकाच दुकानाकडे बोट दाखवलं. बाईंचं पत्र आलं. मास्तरांना वाटलं, मुलांना शिवण शिकवायची असेल. ते गळ्यात टेप अडकवून गेले, तर बाईंनी त्यांच्या हातात गणिताचं पुस्तक ठेवलं आणि समोर सोळा वर्षांची एक मुलगी बसवली. ती शालान्त परीक्षेत गणितात नापास झालेली होती आणि खुर्चीवर एक क्षण स्वस्थ बसत नव्हती. मास्तरांनी मनातल्या मनात तिचं नाव भिंगरी ठेवलं.

तिथल्या तिथे खरं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण भिंगरीच आधी बोलली, "तुमच्याआधी दोघं आले नि पळाले. तुम्ही पण जाणार असाल तर आत्ताच जा."

आता यावर उठून जाणारा माणूस कसल्या काळजाचा म्हणायचा? मास्तर बसले.

"अहो, तिला निदान सांगायचं तरी, की स्वतःचे पाढे बाराच्या पुढे गेले नाहीत!" घरी बायकोने डोक्याला हात लावला.

"सांगतो पुढच्या शनिवारी," मास्तर म्हणाले. असे बरेच पुढचे शनिवार गेले.

शिकवणं कसलं? पुस्तकात लिहिलेलं असे, 'क्षची किंमत काढा.' मास्तर म्हणत, "माल बघितल्याशिवाय किंमत कशी सांगणार? आणि हा क्ष आहे तरी कोण?" भिंगरी खो खो हसे आणि समजावून सांगे. मास्तरांना कळत नसे. ती पुन्हा सांगे, दुसऱ्या बाजूने, चित्र काढून, कधी टेबलावर हात आपटून. मास्तर प्रामाणिकपणे म्हणत, "नाही गं शिरत डोक्यात." पाचव्या-सहाव्या खेपेला त्यांच्या डोक्यात थोडा उजेड पडे, पण तोवर भिंगरीला ते गणित झोपेतसुद्धा सुटलं असतं. वर्षअखेरीस ती पास झाली, आणि गणितात सत्तर पडले. मास्तरांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, जे त्यांनी स्वतःच्या तापातही कधी केलं नव्हतं.

त्याच महिन्यात केंद्राच्या जागेचं भाडं वाढलं. बाईंनी मदतीसाठी रविवारी सकाळी सभा ठरवली. मास्तरांनी उरल्यासुरल्या कापडाच्या दोनशे पिशव्या शिवल्या आणि भिंगरीने त्या दारोदार खपवल्या. सगळं झकास चाललं होतं. तेवढ्यात सभेचं पत्रक छापून आलं. त्यावर मास्तरांचा फोटो आणि खाली 'ज्येष्ठ शिक्षक'. शेवटी बारीक अक्षरात केंद्राचा नियम: प्रत्येक मार्गदर्शक किमान शालान्त परीक्षा उत्तीर्ण.

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प बसावं तर लोक खोट्यावर पैसे देणार. बोलावं तर शनिवार गेले, आणि भिंगरीही. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या पोरीने त्यांना किती लळा लावला होता, हे त्यांनी बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या नावाची पट्टी त्यांनी उभ्या जन्मात कुठल्या कोटाला लावली नव्हती.

सभेत ते उभे राहिले. "मी कपडे शिवणारा मास्तर. चौथी शिकलोय. बाईंचा गैरसमज झाला, तो मी वर्षभर तसाच ठेवला. चूक माझी. पैसे द्यायचे तर पोरांकडे बघून द्या." एवढं बोलून ते खाली बसले. लोकांनी पैसे दिले, भाडं निघालं. भिंगरी मात्र उठून तरातरा निघून गेली. बाई हळहळल्या, पण म्हणाल्या, "नियम आहे मास्तर, माझा इलाज नाही."

पुढच्या शनिवारी मास्तर दुकानातच बसले. सुईत दोरा काही जाईना. बायको डबा घेऊन आली होती. तेवढ्यात भिंगरी पायरीवर उभी.

"तुम्ही मला वर्षभर फसवलंत!"

"फसवलं गं."

"मला वाटायचं, तुम्हाला सगळं येतंय. मुद्दाम विचारताय, मी शिकावं म्हणून. म्हणजे तुम्हाला खरंच कळत नव्हतं?"

"अक्षरसुद्धा नाही."

"आणि आता कळतं?"

"बरंचसं. तूच सांगितलंस ना एवढं."

भिंगरी एकदम थांबली.  "म्हणजे ते मी शिकवलं," ती हळूच म्हणाली. "मी?"

"मग दुसरं कोण होतं तिथे?"

ती वळली आणि धावतच सुटली. अर्ध्या तासाने धापा टाकत परत आली ती केंद्राचा अर्ज घेऊन. मार्गदर्शकाच्या जागी तिचं स्वतःचं नाव होतं. शालान्त परीक्षा उत्तीर्ण, नियमात चोख बसलेलं. विद्यार्थ्याच्या जागी लिहिलं होतं: मास्तर.

"बाई हो म्हणाल्या. वर्षभरात परीक्षेला बसायचं," भिंगरी म्हणाली. "फक्त खाली पालकांची सही लागते."

 बायकोने डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले, मास्तरांच्या खिशातलं पेन काढलं आणि सही केली.